पान्हा फुटेपर्यंतचे दिवस

रत्नागिरी जिल्ह्यात बाळंतिणीच्या खोलीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येतं: "हिला दूधच उतरलं नाही." म्हणणारी कधी आई असते, कधी सासूबाई, कधी भेटीला आलेली शेजारीण. बोलण्यामागे काळजीच असते. बाळ रडत असतं, छाती मऊच लागत असते, बाळंतीण रडकुंडीला आलेली असते आणि दुधाच्या पावडरीचा डबा मेडिकलमध्ये सहज मिळत असतो. डबा घरात येतो, बाळाचं पोट त्याने भरतं, छातीवरचं ओढणं कमी होतं आणि मग आईचं दूध खरोखरच मागे पडतं. जी भीती होती, ती उपायानेच खरी होते.

स्तनपानाचं महत्त्व आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात की जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावं, सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यावं आणि पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ते चालू ठेवावं. दवाखान्याच्या भिंतीवर हे लिहिलेलं असतं. पण पहिल्या सात-आठ दिवसांत नेमकं काय करायचं, दुखलं तर काय, बाळ तोंडात धरत नसेल तर काय, हे भिंतीवर नसतं. त्या दिवसांत शरीरात काय घडतं, घर काय करतं आणि सरकारी यंत्रणा कुठवर पोहोचते, याचा हा आढावा आहे. बहुतेक बाळंतिणींना दूध पुरेसं येतं; शेजारी बसून नीट पाजायला शिकवणारं माणूस मात्र त्यांना मिळत नाही, असं माझं म्हणणं आहे.

चीक म्हणजेच पहिलं दूध

गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तनांत चीक तयार होऊ लागतो. तो घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा असतो. पहिल्या दिवशी एका वेळी चहाचा एखादा चमचा निघाला तरी पुष्कळ. नवजात बाळाचं पोट तेवढंच लहान असतं, म्हणून त्याला तेवढं पुरतं. त्या चमच्यात रोगप्रतिकारक घटक आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं. आतड्यांतली काळी चिकट शी लवकर बाहेर पडायलाही चीक मदत करतो. त्यामुळे कावीळ वाढण्याची शक्यताही कमी होते.

वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि प्रोलॅक्टिनला दूध वाढवायला वाट मोकळी होते. या बदलाला वेळ लागतो. साधारण ३० ते ७२ तासांनी छाती भरल्यासारखी वाटू लागते. पहिलटकरणीला, सिझेरियन झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या बाईला आणखी थोडा उशीर होऊ शकतो. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तही प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन्य वाहू लागतं, अशी नोंद आहे. जुन्यांचं हे निरीक्षण अचूक होतं. गडबड झाली ती मधले दिवस रिकामे मानण्यात. ते भरून काढायला मध चाटवणं, साखरपाणी पाजणं, सहाणेवर गुटी उगाळून देणं सुरू झालं आणि काही घरांत चीक पिळून टाकून देण्याची रीत पडली.

या रिती आता सोडायला हव्यात. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते विष तयार करू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये. साखरपाण्याने बाळाची भूक मरते, पण पोषण काहीच होत नाही. गुटीत काय, किती आणि किती स्वच्छ हाताने उगाळलं याचा भरवसा नसतो. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. त्याला बाळ "खंगलं" म्हणू नये. उतार दहा टक्क्यांपलीकडे गेला, तर मात्र डॉक्टरांनी बाळ तपासलंच पाहिजे.

पहिला तास कुठे जातो

जन्मल्याबरोबर बाळ पुसून आईच्या उघड्या पोटावर ठेवलं, तर पायांनी रेटा देत ते हळूहळू छातीपर्यंत सरकतं आणि स्वतःहून ओढू लागतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये हे नोंदवलं. पुढे महाराष्ट्रातल्या बालरोगतज्ज्ञांनी युनिसेफच्या साथीने त्याची चित्रफीत करून देशभर दाखवली. बाळाची ही उपजत ओढ तासाभरात सर्वांत जास्त जागी असते. नंतर ते गाढ झोपी जातं.

राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसतं. पण तासाभरात छातीला लावलेली बाळं सुमारे ५३ टक्केच होती, आणि २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण ५७ टक्क्यांच्या वर होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना निव्वळ आईचं दूध देण्याचं प्रमाण मात्र ५७ टक्क्यांच्या आसपास होतं, ते ७१ वर गेलं. म्हणजे आयांना पाजायचं आहे आणि त्या पाजतातही. अडतं ते अगदी सुरुवातीला, आणि ती सुरुवात आता दवाखान्यात होते.

कारणं सगळ्यांच्या परिचयाची आहेत. बाळाला वजनाला नेतात, गुंडाळतात, नातेवाइकांना दाखवतात. आईला टाके घालायचे असतात. पाळी बदलायची वेळ झालेली असते. राज्यात चारांतलं एक बाळ सिझेरियनने जन्मतं, आणि तिथे तर "आईला शुद्ध येऊ दे" म्हणून अर्धा दिवस जातो. मणक्यातून भूल दिली असेल तर आई जागीच असते. कुणी बाळाला आधार दिला, तर ती टेबलावरून खोलीत आल्याबरोबर, कधी त्याआधीही, पाजू शकते. पोटावरच्या टाक्यांना ताण नको असेल तर कुशीवर झोपून किंवा बाळाला बगलेखाली धरून पाजता येतं.

तोंडात धरणं जमलं की अर्धी लढाई जिंकली

सुरुवातीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. बाळ फक्त स्तनाग्र तोंडात धरतं, त्याभोवतालचा काळसर भाग बाहेरच राहतो. मग आईला चिमटे बसतात, चिरा पडतात, बाळ तासभर ओढूनही उपाशी राहतं आणि घर म्हणतं, "दूध नाही."

समजा, चिपळूणजवळच्या एका वाडीत तिसऱ्या दिवशी गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, आली आहे. बाळंतीण खाटेवर वाकून बसलेली, बाळ तिच्या मांडीवर उताणं, मान वळवून ओढतंय. आशाताई आधी उशी मागते. "वैनी, पाठ भिंतीला टेका. तुम्ही बाळाकडे वाकू नका, बाळाला तुमच्याकडे आणा." डाव्या बाजूला पाजायचं म्हणून बाळ उजव्या हातावर घ्यायला लावते. तळवा बाळाच्या खांद्यांमागे, बोटं मानेशी आणि डोकं मागे झुकायला मोकळं. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, नाक स्तनाग्रासमोर. डाव्या हाताने स्तन खालून धरून थोडा दाबायचा. ओठांना स्पर्श झाला की बाळ तोंड उघडतं, पण आशाताई थांबवते. "अजून नाही. जांभई देताना उघडतं तेवढं उघडू दे. हं, आता आणा, हनुवटी आधी." हनुवटी छातीत रुतते, खालचा ओठ बाहेर वळतो, काळसर भाग वर जास्त दिसतो आणि खाली जवळजवळ नाही. आधी भरभर ओढणं, मग संथ, खोल घोट आणि मध्ये क्षणभर थांबणं. गिळताना बाळाचा गळा हललेला दिसतो. आईचा आखडलेला खांदा खाली येतो. तिला दुखायचं थांबलेलं असतं.

दुखणं थांबलं नाही, तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. पाजून झाल्यावर स्तनाग्र पूर्वीसारखं गोल दिसलं पाहिजे. चपटं किंवा तिरकं झालं असेल, तर पकड अजून चुकतेय. चिरांवर मलमांपेक्षा पकड सुधारणं महत्त्वाचं. पाजल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावून हवेवर वाळू द्यावेत. स्तनाग्र आत ओढलेलं असेल तरी पाजता येतं, कारण बाळाने धरायचा असतो तो भोवतालचा भाग. दावणगेरेच्या डॉक्टरांनी सिरिंज कापून उलटी लावत स्तनाग्र बाहेर काढण्याची साधी पद्धत १९९३ मध्ये मांडली. प्रशिक्षित परिचारिकेकडून ती शिकून घ्यावी.

आयआयटी मुंबईने 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली याच बारकाव्यांच्या चित्रफिती केल्या आहेत. त्या मराठीतही आहेत आणि मोबाइलवर फुकट बघता येतात. सातव्या-आठव्या महिन्यात त्या सासूबाईंसोबत बसून पाहाव्यात. कळा सुरू झाल्यावर शिकायला सवड नसते.

दाटलेली छाती

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उलटीच तक्रार सुरू होते. छाती दगडासारखी होते, ठणकते, चकाकते. दुधासोबत रक्तपुरवठा आणि सूजही वाढलेली असते. स्तन इतका ताठ होतो की बाळाला तोंडात धरताच येत नाही. याच सुमाराला सरकारी दवाखान्यातून सुट्टी होते. आई नेमकी सर्वांत अवघड दिवशी घरी, बहुधा माहेरी, पोहोचते.

उपाय साधे आहेत. पाजण्याआधी थोडा वेळ कोमट फडकं ठेवावं, काळसर भागाभोवती बोटांनी मिनिटभर हलका दाब द्यावा म्हणजे तेवढी जागा मऊ होते, आणि थोडं दूध हाताने काढून मग बाळ लावावं. पाजून झाल्यावर थंड पट्टी ठेवावी. बाळ दर दोन-तीन तासांनी छातीला लागलं पाहिजे. गाठ मोडायची म्हणून जोराने चोळू नये, त्याने सूज वाढते. लाल चट्टा, थंडी-ताप, अंग मोडून येणं अशी लक्षणं दिसली, तर डॉक्टरांकडे जावं. पण पाजणं थांबवू नये. "तापलेलं दूध बाळाला बाधतं" या समजुतीने पाजणं बंद केलं, तर दूध साचून पू होण्याची भीती वाढते.

पुरतंय की नाही, हे दुपट्यांवरून ओळखा

छातीतून किती दूध गेलं, हे दिसत नाही. म्हणूनच घराला धीर धरवत नाही. पण हिशोब ठेवता येतो. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा. शी आधी काळी, मग हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. कोकणातल्या पावसात दुपटी वाळत नाहीत, पडवीतली दांडी ओल्या लंगोटांनी भरून जाते आणि घरच्यांची चिडचिड होते. पण भरलेली दांडी म्हणजे दूध पुरतंय याची पावतीच. त्यासाठी तरी पहिले काही दिवस डायपरपेक्षा सुती लंगोट बरे.

रडणं ही भुकेची उशिराची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड वळवतं, जीभ बाहेर काढतं, मुठी चोखतं. तेव्हाच छातीला लावावं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं ही सामान्य गोष्ट आहे. दुसऱ्या रात्री तर अनेक बाळं अर्ध्या-अर्ध्या तासाने मागतात, आणि डबा बहुतेक त्याच रात्री उघडला जातो. वारंवार ओढण्यानेच शरीराला दूध वाढवण्याचा निरोप जातो. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नये.

काही बाळंतिणींना मात्र खरोखर दूध कमी येतं. वारेचा तुकडा आत राहिला असेल, फार रक्तस्राव झाला असेल, थायरॉइडचा त्रास असेल किंवा स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, तर तपासणी लागते, कधी वरचं दूधही लागतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेल्या वरच्या दुधाबद्दल आईला बोल लावू नये. ते आणि काढलेलं आईचं दूध बाटलीऐवजी वाटी-चमच्याने द्यावं. घराच्या फडताळातलं जुनं बोंडलंही चालेल, पण चोच आतून नीट घासून, उकळून. बाटलीचं निपल धुतलं तरी त्यात जंतू राहतात, आणि त्याची सवय लागलेलं बाळ छातीला नीट धरत नाही.

बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, लघवी कमी झाली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, अंग तापलं किंवा गार पडलं, तर वाट बघू नये. १०८ किंवा १०२ ला फोन करून दवाखाना गाठावा.

घराने काय धरावं, काय सोडावं

कोकणात बाळंतिणीची बडदास्त मनापासून ठेवली जाते. ओल्या नारळातले अळिवाचे लाडू, डिंक, मेथी, खसखस, तांदळाची पेज, कुळथाचं पिठलं. मासे खाणाऱ्या घरांत दूध वाढावं म्हणून मोरीचं कालवण. कुठलाही पदार्थ बटण दाबल्यासारखं दूध वाढवत नाही. दूध वाढतं ते बाळाने ओढल्याने. तरीही हे पदार्थ ठेवावेत, कारण पाजणाऱ्या आईला रोज साधारण ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात आणि या ताटात लोह, प्रथिनं, कॅल्शियम आहे. वाईट आहेत ते निर्बंध: पाणी मोजून देणं, पालेभाज्या आणि फळं बंद करणं, पोट फुगेल म्हणून डाळ वर्ज्य करणं. सावर्डे-डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या अभ्यासकांनी जिल्ह्यातल्या किशोरवयीन मुलींचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा कुपोषणाचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. याच मुली पुढे आया होतात. हडकुळ्या आईचंही दूध बाळाला पुरतं, पण ती भरपाई तिचं शरीर स्वतःच्या साठ्यातून करतं.

बंद खोलीतली शेगडी आणि धुरी मात्र सोडायलाच हवी. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो आणि धुराने तान्ह्याची छाती भरते. बाळाला ऊब द्यायचीच असेल, तर त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून गोधडी घ्यावी.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्याचं मोठं कारण म्हणजे पुरुष मुंबईला आहेत. नवरा बारशाला येतो, शनिवार-रविवार राहतो आणि परत जातो. रात्री दोनला बाळ रडतं तेव्हा बाळंतीण असते आणि तिची आई किंवा सासू. म्हणून या दोघींना शिकवल्याशिवाय बाळंतिणीला शिकवून भागत नाही. नवऱ्यानेही फोनवर "दूध आलं का?" असं रोज विचारण्यापेक्षा "तू जेवलीस का, झोपलीस का?" विचारावं. ताण आणि दुखणं यांनी दूध बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक अडतं आणि असलेलं दूधही उतरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी गेली नाही, झोप उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

यंत्रणा कुठवर पोहोचते

या विषयात महाराष्ट्राने देशाला बरंच दिलं आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. स्तनपानाचा पुरस्कार करणाऱ्या बीपीएनआय या देशव्यापी संघटनेची स्थापना ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात झाली. १९९२ च्या कायद्याने शिशुदुधाच्या डब्यांच्या जाहिराती, फुकट नमुने आणि दवाखान्यांतला त्यांचा प्रचार यांना बंदी घातली आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटवून दाखवले. त्यातूनच देशभर आशाताईंच्या घरभेटी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा. २०१६ पासून केंद्राचा 'मां' हा स्तनपान कार्यक्रमही चालू आहे.

कागदावर साखळी पुरी आहे. प्रत्यक्षात ती तिसऱ्या ते सातव्या दिवसात सुटते. बाळंतीण माहेरी जाते, तिची नोंद सासरच्या आशाताईकडे राहते. मुंबईत बाळंत होऊन गावी आलेलीची नोंद कुठेच नसते. जुलैत दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर तिसऱ्या दिवसाची भेट सातव्यावर जाते. आशाताईच्या पोतडीत वजनकाटा आणि तापमापक असतो, पण पाजताना शेजारी अर्धा तास बसायला वेळ नसतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं. अशा वेळी पावडरीचे डबे वाटणं हा मदतीचा घातक प्रकार ठरतो, कारण स्वच्छ पाणी आणि इंधनच नसतं. पुरातही सुरक्षित राहतं ते छातीचं दूध, आणि ते चालू राहण्यासाठी आईला जेवण, पाणी आणि आडोसा लागतो.

कमाईचा प्रश्नही आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती पगारी नोकरदार बाईसाठी. काजू कारखान्यात रोजावर जाणारीला, मासळी सोलणारीला, आंब्याच्या बागेत पेट्या भरणारीला ती मिळत नाही. पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये बुडालेल्या मजुरीपुढे थोडे आहेत.

आता काय व्हावं

नवीन योजना नकोत. आहे त्यातल्या तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. आईने एकदा पूर्ण पाजलेलं परिचारिकेने शेजारी बसून पाहिल्याशिवाय तिला सुट्टी देऊ नये. सुट्टीच्या कागदावर ती कुठल्या गावी जाणार ते लिहून तिथल्या आशाताईला त्याच दिवशी कळवावं. आणि पाजताना शेजारी बसलेल्या वेळेचं मोल आशाताईच्या मोबदल्यात धरावं.

घरांना एकच विनंती आहे. पहिले पाच दिवस बाळंतिणीजवळ एक जाणती बाई फक्त तिच्यासाठी मोकळी ठेवा. पाहुण्यांची सरबराई, स्वयंपाक आणि पाचवीची तयारी बाकीच्यांनी वाटून घ्यावी. आणि "हिला दूधच नाही" असं म्हणण्याआधी दिवसभरातले ओले लंगोट मोजा आणि बाळ छातीला कसं लागलंय ते जवळ बसून बघा.